आपासाठी एक भुताची गोष्ट

वडील गेल्यावर दुसऱ्याच आठवड्यात लोकांनी मला भुताच्या गोष्टी सुचवायला सुरुवात केली. दुखवट्याच्या घरी कुणी मटण घेऊन येतं, कुणी साखर, कुणी पीठ. माझ्या वाट्याला भुतं आली. "वाच, मन रमेल," असं म्हणून आमच्या काराकोल गावातली भली माणसं ज्या कथा माझ्या हातात ठेवत, त्यांत हटकून एखादा मेलेला बाप परत येई. बहुधा रागावून.

त्यांचा दोष नाही. सवय वडिलांनीच लावली होती. गावच्या वाचनालयात त्यांनी नोकरी केली आणि वाचकाचं तोंड बघून त्याला साजेशी भुताची गोष्ट काढून देण्याचा नाद जन्मभर केला. गोष्ट छोटीच हवी, असा त्यांचा दंडक होता. चहा निवायच्या आत भूत येऊन गेलं पाहिजे. त्याहून जास्त वेळ बसतो तो पाहुणा. स्वतः त्यांचा भुतांवर काडीचाही विश्वास नव्हता. अंगणात काही वाजलं तर ते आधी कोंबड्या मोजायला जात.

मी हेच काम राजधानीत पगारावर करते. एका संकेतस्थळासाठी दर आठवड्याला भयकथा सुचवते आणि प्रत्येकीला एक ते पाच कवट्या देते. वडील गेल्याचा फोन आला तेव्हा मी एका कथेला साडेतीन द्याव्यात की चार, या विचारात होते. अर्धी कवटी कशी दाखवायची याबद्दल आमच्या संपादकांचा अजून निर्णय व्हायचा आहे. त्यांनी सांत्वनाचा निरोप पाठवला, आणि त्याच निरोपात विचारलं की या अनुभवावर काही लिहिता आलं तर बघ, वाचकांना जवळचं वाटेल.

त्यानंतर मी एकही भुताची गोष्ट पुरी केली नाही. पहिल्या पानावर जिना करकरला की मी पुस्तक मिटायचे. भीती वाटत होती असं नाही. त्या घरातल्या माणसांचा हेवा वाटत होता, आणि हेव्यासाठी आमच्याकडे चिन्ह नाही.

दर गुरुवारी आपा, म्हणजे माझी आई, कढईत तेल तापवते. पिठाचे लहान चौकोनी तुकडे त्यात सोडते, ते टम्म फुगतात. हे बोर्सोक आपण खायचे. तेलाचा वास गेलेल्यांचा. तो वास त्यांच्यापर्यंत पोचतो, त्यांना कळतं की घरी आठवण निघते आहे. या कामात तिला पंखा लावलेला, खिडकी बंद केलेली किंवा मुलीने मध्येच आहारातल्या चरबीविषयी काही सांगितलेलं खपत नाही.

अशाच एका गुरुवारी ती झाऱ्याने बोर्सोक उलटत माझ्याकडे न बघता म्हणाली, "सगळ्या गावाला त्यांनी गोष्टी वाटल्या. दात उपटणाऱ्यालासुद्धा. मला एक नाही. तू दे आता."

मी म्हटलं, "आपा, तुला कुठे आवडतात भुताच्या गोष्टी?"

"मला कुणी विचारलं कधी? त्यांनी मला दिली असती ती दे. तुला तर पगार मिळतो ना याचा."

आजवर मी हजारो अनोळखी माणसांना कथा सुचवल्या. चुकले तर ती खाली चार शिव्या लिहितात आणि जेवायला जातात. आपा शिव्या देणारी नाही. चुकीची गोष्ट दिली असती तर तिने ती शांतपणे ऐकून घेतली असती, "छान आहे हो" म्हटलं असतं आणि पुन्हा आयुष्यात काही मागितलं नसतं. नवऱ्याने आपल्यासाठी काहीतरी बाजूला काढून ठेवलं असेल, एवढी एकच आशा ती धरून होती. ती खरी ठरते की नाही, हे माझ्या निवडीवर होतं.

पुढच्या गुरुवारी वडिलांचं वाचकमंडळ भेटायला आलं. मंडळ म्हणजे आता दोघंच. शाळेत भौतिकशास्त्र शिकवणारा सेयतेक वडिलांना 'अगाय', म्हणजे गुरुजी म्हणे आणि त्यांच्या मागे स्वतःच अध्यक्ष झाला होता. दुसरी औषधाच्या दुकानातली झायनागुल. ही कथासुद्धा मात्रा ठरवून सुचवते: जेवणानंतर एक, रक्तदाब असल्यास अर्धी.

सेयतेकने पिशवीतून बोर्सोकचं पाकीट काढून जेवणासाठी जमिनीवर अंथरलेल्या दस्तरखानावर ठेवलं. दुकानातलं, सीलबंद. आपाला तळायचा त्रास नको म्हणून खास आणलं, असं त्याने सांगितलं, आणि तो कौतुकाची वाट बघत बसला. आत्म्यांवरच्या शेकडो कथा कोळून प्यायलेल्या या माणसाला, आपले आत्मे वासावर येतात, पाकिटावर नाही, हे सुचलं नव्हतं. पाकिटातून कणभरही वास बाहेर पडू नये याची कारखान्याने चोख काळजी घेतली होती. झायनागुलने कपाळाला हात लावला.

आपाने त्याला दीर्घायुष्य चिंतलं, पाकीट फोडलं, कढई चढवली आणि ते तळलेले बोर्सोक पुन्हा तळायला घेतले. घरभर वास सुटला. आम्ही ओंजळी धरल्या, आपाने दुआ म्हटली, सगळ्यांनी तोंडावरून हात फिरवले. मग ते काळेठिक्कर दगड समोर आले. समोर आलेलं चाखल्याशिवाय उठायची आमच्याकडे पद्धत नाही. सेयतेकने अध्यक्षाच्या निष्ठेने चार खाल्ले.

आपासाठी गोष्ट हवी आहे हे मी सांगितलं मात्र, दोघांच्या अंगात आलं. झायनागुलचं म्हणणं, हलकी द्यावी, मांजराचं भूत वगैरे, तेही पाळलेलं. सेयतेकला मांजर म्हणजे अगायचा अपमान वाटला. त्याच्याकडे एक ताजी परदेशी कथा होती, पाच कवट्यांची. कल्पना अफाट होती, असं तो म्हणाला. जगात कुणालाही सुचली नव्हती. एका घरात स्वयंपाक सुरू होतो, आणि त्या वासावर मेलेला धनी परत येतो.

आपा झारा हातात धरून दारात उभी होती. "मग?" तिने विचारलं.

"मग काय, आपा, घरातले किंचाळत पळत सुटतात."

"जेवण टाकून?"

सेयतेकने पाचव्या बोर्सोककडे हात नेला. आपाने त्याला समजावून सांगितलं, अगदी मायेने, की बाळा, माणूस दमून भागून घरी येतो आणि बायको पळून जाते, यात भुताची काय चूक. सेयतेक मान हलवत पाचवा बोर्सोक चावू लागला. झायनागुल खिडकीबाहेर बघत होती. तिचे खांदे हलत होते.

ते गेल्यावर मी वडिलांच्या कपाटापुढे बसले. नवऱ्याचं भूत असलेल्या गोष्टी मी एकेक करून बाजूला काढल्या. त्या साऱ्यांतली भीती एकच होती, की तो येईल. या घरात तिचा काही उपयोग नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी, खिडकीतून लख्ख ऊन येत असताना, मी आपाला एक गोष्ट वाचून दाखवली. भयकथेच्या दृष्टीने ही वेळ अगदी निषिद्ध आहे. पुस्तक रशियन होतं. मी वाचता वाचता ते आमच्या बोलीत आणत होते. एका आडस्टेशनवर एक विधवा राहते. रोज संध्याकाळी तिच्या दारावर थाप पडते. ती दार उघडते, बाहेर कुणी नसतं, ती लावून घेते. असे महिने जातात. मग नवा स्टेशनमास्तर येतो, भला माणूस. त्याला छपराची एक सैल फळी दिसते. तो शिडी लावून ती ठोकून बसवतो. त्या संध्याकाळी थाप पडत नाही. गोष्ट संपते. आमच्या संकेतस्थळावर हिला एक कवटी आहे, आणि तीही जास्त झाली असं वाचकांचं मत आहे, कारण भूत येतच नाही.

आपा हातातल्या टॉवेलची घडी घालू लागली. मला वाटलं, चुकले.

"त्या मेल्याला कुणी सांगितलं होतं फळी ठोकायला?" ती म्हणाली.

"कुणी नाही."

"अशी माणसं असतात." तिने टॉवेलने तोंड पुसलं. "मी एकटी पडायच्या आधी त्यांनी ही मला दिली नसती. दिली असती तर मी झोपू शकले नसते." मग तिने विचारलं, "दार उघडल्यावर ती काय म्हणते?"

"काही नाही. बघते आणि लावून घेते."

"दार उघडून कुणी गप्प राहतं का? पुन्हा वाच. आणि तिथे 'या' म्हण."

मी लेखकाचा स्वल्पविरामही हलवत नाही. मनचं घालणाऱ्या भाषांतरकारांना मी जाहीर लेखांत फाडून खाल्लेलं आहे. मी पहिल्या पानावर परत गेले. थाप पडली, बाई उठली, तिने कडी काढली.

"या," मी वाचलं.

आपाने दस्तरखानावरचा पसारा आवरून आपल्या शेजारची वडिलांची गादी सारखी केली. "हं," ती म्हणाली, "पुढे वाच."