दिघाशीच्या नावावर अडकलेला मथळा

मित्रांनो, भिवंडीतल्या एका गोदाम कंपनीच्या कचेरीत भिंतीवर मोठा पडदा आहे. त्यावर खराब मालाचा आलेख दिसतो. त्या आलेखाच्या डोक्यावरची ओळ, म्हणजे त्याचा मथळा, तो मी. खालचे रंगीत खांब सगळे डोळे फाडून बघतात. माझ्याकडे सहसा कुणी ढुंकून पाहत नाही.

मला कचेरीत आकडेवारी बघणाऱ्या धम्मदिनाताईंनी घडवलं. पूर्वी प्रत्येक गोदामाचा आलेख निराळा होता. ताईंनी सगळ्यांचा एकच केला आणि माझ्या पोटात निवडलेल्या गोदामाचं नाव आपोआप दाखवणारं एक सूत्र ठेवलं. अकलोलीचं गोदाम निवडा, मी ‘अकलोली गोदामातल्या खराब मालाचा महिन्याचा आलेख’ म्हणायचो. गणेशपुरी निवडा, लगेच ‘गणेशपुरी’. पहिल्यांदा नाव बदललं तेव्हा ताई खुर्चीतच टाळी वाजवून हसल्या होत्या. तेवढंच काय ते माझं कौतुक.

पुढे ताई रजेवर गेल्या. त्याच आठवड्यात मालक फक्त दिघाशीचं गोदाम बघायला येणार होते. कचेरीचे व्यवस्थापक प्रितेशसाहेब यांना मी फार लांबलचक वाटलो. त्यांनी सूत्र पुसलं आणि हातानं टाइप केलं, ‘दिघाशी: खराब माल’. मालक येऊन गेले, पण सूत्र परत टाकायचं साहेब विसरले.

महिनाअखेरच्या मीटिंगमध्ये पडदा लागला. आधी कुणीतरी अकलोली निवडून ठेवलं होतं. त्यामुळे खाली अकलोलीचा उंच लाल खांब आणि वर दिघाशीचं नाव. सगळ्या माना राघोदादांकडे वळल्या. दिघाशीचं गोदाम तेच सांभाळत.

“राघोदादा, एवढा माल सडेपर्यंत तुम्ही करत काय होता?” साहेब कडाडले. “उद्या ताईंकडे चाव्या द्या आणि पुन्हा येऊ नका.”

“सायेब, आमच्याकडं येवढा माल खराब न्हाय झाला. पन पडद्यावर हाय म्हंजे...” वाक्य अर्धवट सोडून दादा उठले आणि बाहेर पडले.

चोर सोडून संन्याशाला सुळी, आणि तीही माझ्या तोंडून! मला ओरडावंसं वाटत होतं. पण मथळ्याला लिहिलंय तेवढंच बोलता येतं. इतका एकटा मी कधीच नव्हतो.

दुसऱ्या दिवशी ताई कामावर आल्या. राघोदादा चाव्या घेऊन त्यांच्या टेबलाशी उभे राहिले.

“ताई, चाव्या घ्या. चाललो मी.”

“दादा, थांबा. आधी मला बघू द्या.”

ताईंनी सवयीनं गणेशपुरी निवडलं. खांब झर्रकन खाली आले. मी मात्र दिघाशीच.

“अगं बाई! आकडे बदलले आणि नाव तेच? दादा, हा मथळा मेलाय!”

ते ऐकून मला वाईट वाटलं, पण खरं सांगतो, सुटल्यासारखंही वाटलं. ताईंनी सूत्र पुन्हा लिहिलं आणि अकलोली निवडलं. लाल खांबावर अकलोलीचं नाव आलं. ताईंनी हाक मारताच प्रितेशसाहेब धावत आले. सगळ्यांदेखत म्हणाले, “दादा, माझं चुकलं. चाव्या तुमच्याकडेच राहू द्या.”

आता मी पुन्हा नाव बदलतो आणि पुन्हा कुणी माझ्याकडे बघत नाही. मित्रांनो, खांब बघण्याआधी तो कुणाच्या नावावर उभा आहे, ते नीट पाहत जा. आमच्यासारख्यांची निगा राखा. नाहीतर भलत्याच माणसाच्या हातातल्या चाव्या जातात.

राघोदादा मात्र मीटिंगला आले की पडद्यासमोर थांबतात. ओठ हलवत, एकेक अक्षर लावत आधी मला वाचतात आणि मगच खुर्चीवर बसतात. तेवढा वेळ मी एकटा नसतो.