अर्धपोटी

“कमी खा, जास्त जगा, हे मी जगाला सांगितलं. आणि माझीच विद्यार्थिनी मला खायला सांगते?” सरांनी सूपाची वाटी बाजूला सारली.

तिने पिशवीतून आलेखांचे कागद काढले. प्रयोगशाळेची प्रमुख झाली, केस पिकले, तरी सरांपुढे ती अजून विद्यार्थिनीच होती. पोटाला चिमटा घेतला की आयुष्याची दोरी लांबते, हे सरांनी उंदरांवर दाखवून दिलं होतं. तेच काम पुढे नेण्यात तिची उमेदीची सगळी वर्षं गेली. सर तर नुसते लिहून थांबले नव्हते. निवृत्तीनंतरही हट्टाने अर्धपोटी राहत होते. मागच्या महिन्यात बाथरूममध्ये पडले, तेव्हापासून धरल्याशिवाय उठता येईना. नुसती हाडं आणि कातडं उरलं होतं.

“सर, आपले ते उंदीर तरुण होते. या वेळी मी म्हाताऱ्या उंदरांचं खाणं कमी केलं. ते लवकर गेले. आधी मांड्या गळाल्या, मग उठेनासे झाले.”

“साथ शिरली असेल पिंजऱ्यांत.”

“मलाही तसंच वाटलं. म्हणून पहिल्यापासून पुन्हा केलं. तेच आलं.”

“अगं, चुलीत घाल ते उंदीर,” काकू स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या. “यांना दोन घास खायला लाव. माझं जन्मात ऐकलं नाही.”

“तू मध्ये बोलू नकोस!” सर ओरडले, आणि तेवढ्यानेच त्यांना धाप लागली.

तिने आलेख पुढे केले. या प्रयोगांवरचा लेख दोघांच्या नावावर जायचा होता. सर नाही म्हणाले तर तो एकटीने छापावा लागणार आणि या घराचं दार कायमचं बंद होणार. आणि सर? हट्टापायी असेच झिजत जाणार.

सरांनी चष्मा चढवला. पानं उलटली, पुन्हा मागे गेले. एका रेघेवर बोट टेकवून बराच वेळ बसले. काकू दाराची चौकट धरून उभ्या होत्या.

“बोट ठेवायला जागा नाही ठेवलीस,” ते अखेर म्हणाले. “छाप. लेखावर माझंही नाव राहू दे. आपलंच बांधलेलं आहे, आपल्याच हाताने पाडू.”

मग दाराकडे न बघता म्हणाले, “अगं, हे गार झालंय. गरम करून देतेस?”

काकू वाटी घेऊन, डोळ्यांना पदर लावत लगबगीने आत गेल्या. आतून पाण्याचा आवाज येऊ लागला, तो थांबेना.

“नळ चालू राहिला वाटतं,” सर म्हणाले. “बघ जरा.”

“राहू दे, सर,” ती म्हणाली.