उडवलेले दोन लाख किलोमीटर

गाडी विकायला माझी ना नव्हती. डावा गुडघा पार झिजला, डॉक्टरांनी क्लच दाबायला बंदी केली, म्हणून मी माझी जुनी बोलेरो मार्केट यार्डाजवळ सेकंडहँड गाड्या विकणाऱ्या सूरजकडे नेऊन लावली. पोरगा बोलायला फार गोड होता. तिथेच खरं तर मी सावध व्हायला हवं होतं.

आठवड्याच्या आत त्याचा फोन आला, गिऱ्हाईक येतंय, तुम्हीही या. गेले. बापूराव नावाचे एक गृहस्थ गाडीभोवती फिरत टायरांना लाथा मारत होते. का मारतात कोण जाणे.

"काका, अशी गाडी पुण्यात शोधून सापडायची नाही," सूरज त्यांना सांगत होता. "लेडीज मालक. मॅडम घर ते मंडई, मंडई ते घर. त्र्याऐंशी हजारच चाललीय, बघा ना."

मी दार उघडून किल्ली फिरवली. मीटरवर खरंच त्र्याऐंशी हजार. मी गाडी सोडली तेव्हा दोन लाख त्र्याऐंशी हजार होते. या शहाण्याने पुढचे दोन लाख उडवले होते.

फसवणुकीचा राग आलाच, पण त्याहून जास्त झोंबलं ते 'घर ते मंडई'.

मी लग्न केलं नाही, सरकारी नोकरी केली. ही गाडी घेतली तेव्हा गल्लीतले पुरुष हसले होते, बाईला एवढी मोठी गाडी कशाला म्हणून. कशाला, ते त्यांच्याच बायकांना ठाऊक आहे. दर दसऱ्याला हडपसरहून थेट नागपूर, दीक्षाभूमी. मागे पांढऱ्या साड्यांची दाटी, मांडीवर भाकरी-ठेच्याची गाठोडी, आणि स्टेअरिंगवर मी. डिसेंबरात चैत्यभूमी. मालनबाई आमच्यात सगळ्यात थोरल्या. त्या म्हणायच्या, "ललिते, तू चालवतीस तवाच मला गाडीत झोप लागती." मालनबाई आता नाहीत. त्यांच्यासोबत केलेला सगळा रस्ता या पोराने पुसून टाकला होता, आणि वर मलाच मंडईत भाजी घ्यायला पाठवत होता.

"सूरज, आकडा होता तसा लाव."

"मॅडम, मार्केटमध्ये सगळेच करतात. तुमच्याच फायद्याचं आहे."

"माझा फायदा मला विचारून करायचा."

तो हसला आणि बापूरावांना चहा विचारू लागला. म्हणजे माझं बोलणं संपलं, असं त्याने परस्पर ठरवलं. मी गाडी सुरू केली, त्याच्या फाटकात आडवी लावली आणि किल्ली पर्समध्ये टाकली. आतली एकही गाडी बाहेर पडेना, बाहेरची आत येईना.

"अहो मॅडम, धंद्याची वेळ आहे."

"मग लवकर कर. मी निवृत्त आहे, मला घाई नाही."

त्याने दोन-चार फोन केले, चिडला, विनवण्या केल्या. मी काच वर करून बसून राहिले. शेवटी मीटरवाला लॅपटॉप घेऊन आला. केबल जोडता जोडता म्हणाला, "ताई, आजवर सगळे कमी करायलाच आले. वाढवून मागणाऱ्या तुम्ही पहिल्याच."

"वाढवून नाही, माझे आहेत तेवढे."

दोन लाख त्र्याऐंशी हजार. आकड्यावरून मी एकदा बोट फिरवलं. खोटं कशाला सांगू, डोळेही भरून आले.

बापूराव एवढा वेळ थांबले होते. त्यांना गाडी आवडली होती. खिडकीतून वाकून त्यांनी मीटर पाहिलं आणि त्यांचा चेहरा पडला. "एवढं चालवायला ड्रायव्हर ठेवला होतात का?"

"मीच चालवायचे."

"ताई, एवढी चाललेली गाडी कोण घेणार?"

"ज्याला लांब जायचंय तो घेईल. तुम्ही घेऊ नका."

"मॅडम, गिऱ्हाईक चाललंय," सूरज कळवळून म्हणाला. "त्यांना सॉरी म्हणा, मी सांभाळून घेतो. हा आकडा दाखवलात तर तुमची गाडी दारात सडेल."

"सडू दे. माझ्या दारात, माझ्या आकड्यासकट."

मी गाडी फाटकातून काढली आणि हडपसरचा रस्ता धरला. प्रत्येक सिग्नलला क्लच दाबताना गुडघ्यातून कळ येत होती. म्हटलं, येऊ दे.