काठावरचे कोरडे माणूस

"ज्या अथांग अटलांटिक महासागरापुढे भल्याभल्या दर्यावर्दींनी गुडघे टेकले, त्या महासागराच्या छातीवर गेली दोन वर्षे दर शनिवारी न चुकता स्वार होणारी ही मराठी वाघीण…"

मानपत्राचा मसुदा वाचता वाचता प्रकाशराव इथे थांबले, कारण वाघिणीने त्यांच्यापुढे पोह्यांची बशी ठेवली आणि लिंबू राहिले म्हणून ती ओट्याकडे परत गेली.

"तो अटलांटिक नाही," पद्मजा लिंबू कापता कापता म्हणाली. "आपल्याकडे आयरिश सी. अटलांटिक पार त्या टोकाला."

"माहितीये गं. पण कासलबारहून चार डॉक्टर येणारेत कार्यक्रमाला. अटलांटिक त्यांच्या बाजूला आहे. त्यांना जरा आपलेपणा वाटेल."

"आणि वाघीण कशाला?"

"का? वाघ पोहतात. मी शोधून बघितलं." प्रकाशरावांनी पोह्यांवर लिंबू पिळले. "उद्या आठला मी आणि गिरीश समुद्रावर येतोय. तुझा दोन मिनिटांचा व्हिडिओ घ्यायचाय. मानपत्राच्या वेळी मागे पडद्यावर लावणार."

पद्मजाच्या हातातली सुरी लिंबावरून घसरली. बोट थोडक्यात वाचले.

प्रकाशराव डब्लिनमधल्या एका कंपनीत सॉफ्टवेअरच्या चुका शोधत. दुसऱ्यांच्या चुका शोधल्याबद्दल त्यांना तीस वर्षे पगार मिळत होता, आणि घरी तेच काम ते हौसेने करत. पद्मजा डून लेरीतल्या दातांच्या दवाखान्यात फोन घेई, लोकांना तारखा देई आणि दाढ दुखणाऱ्या माणसाला पुढच्या गुरुवारपर्यंत थांबायला लावी. हे ती इतक्या गोड आवाजात करी की माणसे आभार मानून फोन ठेवत.

इथल्या मराठी मंडळात दर दिवाळीला कुणाचा तरी सत्कार करायची प्रथा होती. आधी डॉक्टर झाले, मग इंजिनियर झाले, माजी अध्यक्ष तर दोनदा झाले. पुढे सत्काराला माणूस उरेना. शाल आणि नारळ मात्र आणून ठेवलेले होते. तेव्हा सेक्रेटरी गिरीशला आठवले, "अरे, आपल्या पद्मजावहिनी समुद्रात पोहतात ना? या थंडीत?" सभेने टाळ्या वाजवल्या. प्रकाशरावांनी सगळ्यात जोरात.

आता यात अडचण एवढीच होती की पद्मजाला पोहता येत नव्हते.

तसा सगळाच प्रकार खोटा नव्हता. शनिवारी सकाळी ती खरोखरच समुद्रावर जाई. थंड समुद्रात डुंबणाऱ्या सील प्राण्यांवरून 'सॅटरडे सील्स' नाव घेतलेला तिथल्या बायकांचा एक गट होता. शाळेत कवायत शिकवून निवृत्त झालेली ओर्ला त्याची म्होरकी. सगळ्यात धाकटी बाई चाळिशीची, आणि सगळ्यात थोरली नोरीन, चौऱ्याहत्तर पूर्ण. महिन्यातून एकदा त्या विकलोचे डोंगर चढत, उन्हाळ्यात सायकली काढत, आणि उरलेल्या शनिवारी समुद्रात उतरत. नंतर काठावर चहा आणि गप्पा. तिकडे गप्पांना क्रॅक म्हणतात, आणि त्या रंगल्या की दिवस ग्रँड गेला असे समजतात. डोंगरावर पद्मजा सगळ्यांच्या पुढे असे. पाण्याशी मात्र तिचे जमले नव्हते.

पहिल्या शनिवारी ती पोहायच्या इराद्यानेच गेली होती. नवा, बाह्यांचा पोशाख घेतला होता. ओर्ला होतीच शिकवायला. पायऱ्यांपर्यंत सगळे ठीक होते. तिसऱ्या पायरीवर पाणी घोट्याला लागले आणि पाय जे थांबले ते थांबलेच. सांगलीला कृष्णेच्या घाटावर तिचे दोघे भाऊ सूर मारत आणि ती त्यांचे कपडे आणि चपला सांभाळत काठावर बसे. "मुलींनी काय करायचंय पोहून?" असे कुणी कधी म्हणाले नव्हते. म्हणायची गरजच पडली नव्हती. कपडे कुणीतरी सांभाळायलाच हवे होते.

ती मुकाट्याने वर आली, कपडे चढवले आणि निघणार, एवढ्यात नोरीन पाण्यातून बाहेर आली. अकरा अंशांच्या पाण्यातून आलेल्या माणसाची बोटे पुढची वीस मिनिटे त्याची नसतात. नोरीन स्वेटरच्या बटणाशी झटत होती आणि बटण तिला जुमानत नव्हते.

"विल यू डू मी बटन्स, लव्ह?" ती म्हणाली.

पद्मजाने बटणे लावली. मग दुसरीची चेन ओढली, तिसरीचे हुक, चौथीच्या बुटांच्या नाड्या. बघता बघता रांग लागली. पुढच्या शनिवारी ओर्लाने नियमच करून टाकला की काठावर एक कोरडे माणूस हवेच. कोण, हे विचारायची गरज पडली नाही. पण इथे एक फरक होता. नऊ जणी पाण्यात असल्या की पद्मजा उभी राहून डोकी मोजी. एखादे डोके फार लांब गेले तर शिट्टी मारी, आणि त्या शिट्टीसरशी गटातली बँकेची मॅनेजरसुद्धा मुकाट वळून मागे येई. सांगलीच्या घाटावर तिचे कुणी ऐकत नसे.

त्या पहिल्या दिवशी घरी येताना पाऊस लागला. ती चिंब होऊन दारात उभी राहिली. प्रकाशरावांनी दार उघडले आणि वरपासून खालपर्यंत बघत म्हणाले, "गेलीस पाण्यात? शाब्बास."

हा शब्द त्यांच्या तोंडून तिने यापूर्वीही ऐकला होता, पण तेव्हा ते टीव्हीवरच्या फलंदाजाशी बोलत होते. ती 'नाही' म्हणणार होती. पण शाब्बास ऐकल्यावर आपसूक जरा वेळ गेला, आणि त्या वेळात ते टॉवेल आणायला गेले.

तेव्हापासून दर शनिवारी घरी निघण्याआधी ती बाटलीतले पाणी केसांवर ओतून घेई. पोशाख घरी आल्यावर सिंकमध्ये बुचकळून रेडिएटरवर वाळत घाली. दोन वर्षांत तो पोशाख फक्त सिंकमध्ये पोहला होता.

खरे सांगून टाकावे असे तिला अनेकदा वाटले. पण पुढचे वाक्य तिला पाठ होते. प्रकाशराव म्हणणार, "म्हणजे तू तिथे टॉवेल सांभाळतेस? त्यासाठी सुट्टीच्या दिवशी सहाला उठायचं?" यात त्यांचे काही चुकतेय असेही तिला म्हणता आले नसते. आणि ते वाक्य एकदा ऐकले की शनिवार गेला. आठवड्यात तिचा असा तेवढाच एक दिवस होता.

शनिवारी ती पाऊण तास आधी समुद्रावर पोहोचली. ओर्ला दोरीला बांधलेला थर्मामीटर पाण्यात सोडून बसली होती. नोरीन टोपीत केस कोंबत होती. पद्मजाने दोघींना सगळे सांगितले. मानपत्र, वाघीण, बाटलीतले पाणी.

ओर्ला म्हणाली, "सांगून टाक त्याला. नवराच आहे."

"किंवा उतर पाण्यात," नोरीन म्हणाली. "पहिल्या पायरीवर देवाला शिव्या द्यायच्या, पाचवीवर त्याची माफी मागायची. मधे काही नसतं."

"पण बटणं?"

"एक दिवस नाही लावली तर मरत नाही कुणी."

या वाक्यावर विश्वास ठेवला, ही त्या दिवसाची चूक. दोन वर्षे कोरड्या हातांची सवय लागलेल्या बायकाच ती करू शकतात.

आठला प्रकाशराव आणि गिरीश आले. गिरीशने कार्यक्रमाचा झब्बा आजच घातला होता आणि त्यावर दोन जाकिटे. ओर्लाने दोघांना अटी सांगितल्या. बायका कपडे बदलतील तेव्हा भिंतीकडे तोंड. पाण्यात गेल्यावर व्हिडिओ, तोही फक्त पद्मजाचा, फक्त मानेच्या वर. दोघे मराठी गृहस्थ शिक्षा झालेल्या मुलांसारखे भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

"वहिनी, सूर मारणार ना?" गिरीशने भिंतीला विचारले.

"पायऱ्यांनी," पद्मजा म्हणाली. मग ती प्रकाशरावांजवळ गेली आणि गळ्यातली शिट्टी काढून त्यांच्या हातात दिली. "अहो, ऐका. आज काठावर कुणी नाहीये. आम्ही दहा जणी आहोत. डोकी मोजत राहायचं. दहाच्या खाली गेलं तर वाजवा."

"आणि व्हिडिओ?"

"तो गिरीशभावजी घेतील. तुम्ही मोजा."

पहिल्या पायरीवर तिने देवाला शिव्या दिल्या नाहीत, तेवढी सवय नव्हती. तिसऱ्या पायरीवर पाय थांबले. एका बाजूने नोरीनने हात धरला, दुसऱ्या बाजूने ओर्लाने. चौथी. पाचवी. पाणी कमरेला लागले तेव्हा तिच्या तोंडून "आई गं" निघाले, आणि इतर नऊ जणींनी तेच जसेच्या तसे म्हणून दाखवले. मग नोरीनने तीन आकडे मोजले आणि तिघी एकदम खाली बसल्या. दोघी लगेच वर आल्या.

पाण्याखाली काय झाले ते पद्मजाने नंतर कुणाला सांगितले नाही. सांगण्यासारखे फार नव्हतेही. हिरवे होते आणि कुणाचाच आवाज येत नव्हता.

काठावर प्रकाशराव मोजत होते. हा चुका शोधणारा माणूस होता, नेमून दिलेले काम अर्धवट करणारा नव्हता. "सात, आठ, नऊ," त्यांनी परत मोजले. "नऊ. गिरीश, नऊच आहेत. पद्मजा कुठंय?" आणि त्यांनी शिट्टी फुंकली. बायका वळल्या. लांब दगडावर बसलेले दोन सील पाण्यात गेले. तेवढ्यात पद्मजाचे डोके वर आले, केस चेहऱ्यावर चिकटलेले, आणि ती चक्क हसत होती. प्रकाशरावांनी दहा मोजले आणि मग श्वास घेतला. गिरीशच्या फोनवर नंतर निघाले ते एवढेच: समुद्राचा एक तिरका तुकडा, कर्कश शिट्टी, आणि "अरे फोन सोड, ती दिसतेय का बघ" असा ओरडणारा आवाज.

मग सगळ्या बाहेर आल्या आणि खरी पंचाईत सुरू झाली.

दहा बायका निळ्या ओठांनी खडकावर उभ्या होत्या, आणि वीस हातांपैकी एकही हात उपयोगाचा नव्हता. टॉवेल आणि अंगरखे कसेबसे अंगावर आले, पुढे सगळे अडले. चेन अर्ध्यावर, नाड्या मोकळ्या. पद्मजा सवयीने नोरीनच्या बटणाकडे वळली. बोटे हलली नाहीत. ती त्यांच्याकडे बघत राहिली, दुसऱ्या कुणाची तरी असल्यासारखी.

नोरीनने भिंतीकडे पाहिले. "यू, मॅन विथ द व्हिसल," ती म्हणाली. "सगळ्यांच्या अंगावर कपडे आहेत. वळ आणि इकडे ये."

गिरीशला गाडीतून चार्जर आणायचे आठवले. प्रकाशराव आले. चौऱ्याहत्तर वर्षांच्या आयरिश बाईच्या स्वेटरची बटणे लावण्याचा पूर्वानुभव त्यांच्यापाशी नव्हता. स्वतःच्या शर्टाचे बटण तुटले तर ते शर्ट खुर्चीवर ठेवत आणि सकाळी तो आपोआप दुरुस्त झालेला असे. ते खालून सुरू झाले आणि एक काज चुकले. परत पहिल्यापासून.

"घाई नाही," नोरीन कुडकुडत म्हणाली. "तुझी बायको हे आमचं दोन वर्षं करतेय, दर शनिवारी. आज पहिल्यांदाच पाण्यात गेली, तर बघ आमची काय दशा झाली."

प्रकाशरावांची बोटे तिसऱ्या बटणावर थांबली.

पद्मजाने ते पाहिले. ती रांगेत शेवटी उभी होती. अंगरख्यातून थंडी आत येत होती, दात वाजत होते, आणि पाठ असलेले ते वाक्य आता कुठल्याही क्षणी येणार होते. प्रकाशरावांनी मान वळवून तिच्याकडे बघितले. नीट बघितले, चूक शोधताना बघत तसे. मग रांगेतल्या बाकीच्यांकडे बघितले.

त्यांनी तिसरे बटण लावले. चौथे लावले. ओर्लाची चेन गळ्यापर्यंत ओढली. बँकेच्या मॅनेजरच्या बुटांच्या नाड्या त्यांनी गुडघ्यावर बसून बांधल्या, दुहेरी गाठ मारून. मध्येच पद्मजाची पिशवी उघडून थर्मास काढला, आल्याचा चहा ओतला आणि पेले बायकांच्या तळव्यांमध्ये नीट बसवून दिले, सांडू नये म्हणून. नऊ जणी संपल्या तेव्हा ते दहावीपुढे येऊन उभे राहिले.

"हे रोज… म्हणजे दर शनिवारी असं?"

"हो."

"मोजायचंही तूच?"

"हो."

"मगाशी नऊच होती," ते म्हणाले. "दोनदा मोजली मी."

"मी खाली होते."

"ते कळलं नंतर." त्यांनी समुद्राकडे पाहिले. गिरीश लांबून चार्जर हलवत येत होता. "आता त्या मानपत्राचं काय करायचं? 'दोन वर्षे' असं लिहिलंय त्यात. अटलांटिक आहे, वाघीण आहे…"

"ते नंतर बघू," पद्मजा म्हणाली. तिने हनुवटी वर केली. "आधी हे वरचं बटण लावा. जरा घट्ट बसतं ते."