पिशवीचा जोर

बांधकामावर सगळे तिला ताई म्हणत, वयाने मोठे मिस्त्रीसुद्धा. उंच क्रेनच्या काचेच्या केबिनमध्ये बसून ती लोखंडाच्या मोळ्या आणि दरवाजांच्या चौकटी उचलायची. केबिनपर्यंत नुसती शिडी होती. लघवीसाठी मधेच उतरायचं म्हणजे खाली माणसं हात बांधून उभी आणि साहेबाचं तोंड वाकडं. बाकीचे चालक वर बाटली ठेवत. तिला ते जमण्यासारखं नव्हतं. ती पाणीच कमी प्यायची आणि दिवसभर दाबून धरायची.

"ताई, येताय का खाली जरा?" खालून वायरलेसवर इशारे देणारा विचारायचा.

"माझी टाकी मोठी आहे रे. तू तुझा माल नीट बांध," ती हसायची.

सुरुवातीला ओटीपोटात कळा यायच्या. मग त्या येईनाशा झाल्या. सवय झाली, बरंच झालं, असं तिला वाटलं.

काही वर्षांनी तिचं पोट दिसायला लागलं. पाळी नेहमीच मागेपुढे व्हायची, या खेपेला बरीच लांबली. सासूबाईंच्या नजरेतून काही सुटत नसे. "शिडी चढणं बंद कर आता," एवढंच म्हणून त्या तिला आग्रहाने वाढू लागल्या. कपड्यांना ओल लागते, हे तिने भीतभीत सांगितलं, तर म्हणाल्या, "दिवस गेल्यावर होतं तसं."

नवरा चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा. त्याने तिच्या पोटावर हात ठेवला.

"केवढं घट्ट लागतंय गं! घरीच तपासून बघायचं?"

"नको. लग्नाला इतकी वर्षं झाली, त्या पट्टीने दर वेळी नाहीच म्हटलंय. सरळ डॉक्टरांकडे जाऊ."

डॉक्टरबाईंनी पोटावरून यंत्र फिरवलं, थांबल्या, पुन्हा फिरवलं. नवरा पडद्याला नाक लावायचाच बाकी होता.

"हे काळं, गोल... डोकं आहे का?"

"ही लघवीची पिशवी आहे," बाई म्हणाल्या. "गर्भाशय तिच्यामागे आहे. रिकामं आहे."

नळी घातली. एक भांडं भरलं, दुसरं आणावं लागलं. तिच्या डोळ्यांदेखत पोट खाली बसत गेलं. नवरा भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

"मला कळलं कसं नाही?" तिने विचारलं.

"हातापायाचा स्नायू ताणला की ठणकतो, जोर लगेच कमी होतो," बाई म्हणाल्या. "पिशवीचा स्नायू वेगळा. हळूहळू ताणलात तर तो आतली मांडणी बदलतो, नव्या लांबीशी जुळवून घेतो आणि तिथूनही जोर लावतो. म्हणून इतकी वर्षं निभावलं. पण त्यालाही हद्द आहे. आतले धागे एकमेकांना धरून ओढतात. फार लांब गेले की पकड सुटते. त्यात तो वर्षानुवर्षं ताणलेलाच राहिला, तर झिजतो."

"परत येईल का जोर?"

"पिशवी रिकामी ठेवून बघू. काहींचा येतो."

ती घरी दिवसातून अनेकदा नळी घालायला शिकली. शेजारणींना सासूबाईंनी आधीच गोड बातमी दिली होती. ती आता कशी मागे घ्यायची, म्हणून त्यांनी शेजारी जाणंच सोडलं. तिच्याशी बोलणंही कामापुरतं उरलं.

उन्हाळा संपता संपता पुन्हा तपासणी झाली. पिशवीत पाणी भरून बाई म्हणाल्या, "आता करा." तिने डोळे मिटले, मुठी आवळल्या, रडेपर्यंत प्रयत्न केला. यंत्रावरची रेघ जमिनीला चिकटल्यासारखी सपाटच राहिली.

"आता नाही येणार," बाई म्हणाल्या आणि त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. तिला तो नकोसा झाला.

क्रेन हातची गेली. साहेबाने तिला सामानाच्या खोलीत बसवलं. तिथे खिडकी नाही. केबिनमध्ये नवा चालक आला, बाटलीवाला.

एका संध्याकाळी ती न्हाणीघरात नळी घेऊन बसली होती. बाहेरून नवरा म्हणाला, "आईने दत्तकाचं विचारलंय. काय सांगू?"

आत भांड्यात धार पडत होती. धार संपल्यावर तिने भांडं रिकामं केलं आणि नळी धुवायला घेतली. मग त्याच्या चपलांचा आवाज लांब गेला.