दार नसलेल्या गाडीचं दार

मित्रांनो, मी एक जुनी गोल्फची गाडी आहे. विजेवर चालते, चार माणसं बसवते, आणि मला दारं मुळीच नाहीत.

माझी पहिली अकरा वर्षं हिरवळीवर गेली. मागे काठ्यांच्या पिशव्या असत, आणि चेंडू तळ्यात गेला की लाथ खायला मी! पुढे नव्या गाड्या आल्या आणि मला गोदामामागे ढकललं. उंदरांनी माझ्या सीटमध्ये संसार थाटला. तेव्हा फार वाईट वाटायचं हो.

तिथून मला हार्लनआजोबांनी आणलं. अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या आमच्या लहानशा गावात त्यांनी एकतीस वर्षं शाळेची बस चालवली. रेल्वेचे रूळ आले की बस थांबवायची, दार उघडायचं, कान देऊन ऐकायचं आणि मगच पुढे जायचं, हा त्यांचा नेम. नजर मंदावली तेव्हा लायसन्सही त्यांनी आपणहून परत केलं. पण त्यांचे थोरले भाऊ वेंडेल गावाच्या दुसऱ्या टोकाला वृद्धाश्रमात होते. रोज दुपारी ते पत्ते पिसून खिडकीत वाट बघत बसायचे, आणि आजोबांना तेवढं चालवत नव्हतं. म्हणून मी आले. आजोबांनी मला दिवे, आरसे बसवले, मागे हळू चालणाऱ्या वाहनाचा केशरी त्रिकोण ठोकला, वर उंच झेंडा लावला. अहाहा, काय दिसत होते मी!

पहिल्याच दिवशी पोलीसप्रमुख डेनाने आम्हाला अडवलं. लहानपणी ती आजोबांच्याच बसने शाळेत जायची.

"काका, लायसन्स?"

"या खेळण्याला कसलं आलंय लायसन्स?"

"रस्त्यावर आणायचं तर लागतंच. झेंडा लावलात, त्रिकोण लावलात, आणि मुख्य गोष्टच विसरलात?"

"सीटला च्युइंगम चिकटवायचीस म्हणून तुला पुढे बसवायचो, त्याचा सूड घेतेस होय गं?"

"नियम सगळ्यांना सारखा, असं तेव्हा तुम्हीच म्हणायचात."

आजोबा बाजूच्या सीटवर सरकले. डेनाने स्वतः मला चालवत घरी सोडलं. तिचाही चेहरा उतरला होता.

मी अंगणात उभी राहिले. तिकडून वेंडेलआजोबांचे फोन यायचे, "येतोस, का नर्सबरोबरच खेळू? ती लबाडी करते रे!" आजोबा हसायचे आणि फोन ठेवून डोळे पुसायचे.

शेवटी आजोबांच्या पत्नी लोरीनआजी उठल्या. वय चौऱ्याहत्तर. वीस वर्षांपूर्वी त्यांनी मोटार थेट मक्याच्या शेतात घातली होती, आणि तेव्हापासून स्टिअरिंगला हात लावला नव्हता. त्या आजोबांना म्हणाल्या, "सरक तिकडे. मी शिकते."

मग काय, अंगणात धुण्याच्या टोपल्या मांडून शिकवणी सुरू! दोन टोपल्या चपट्या झाल्या, टोमॅटोचा वाफा गेला.

"ब्रेक! अगं ब्रेक म्हटलं ना!"

"ओरडू नकोस. मी काय तुझ्या बसमधलं पोर आहे?"

इतकी मजा मला हिरवळीवरसुद्धा कधी आली नव्हती.

पुढे भाचीच्या मोटारीत सराव करून आजींनी परीक्षा दिली. पहिल्यांदा नापास. दुसऱ्या खेपेला पास! त्याच दुपारी आम्ही निघालो. चौकात डेनाने लायसन्स उलटसुलट पाहिलं आणि आजींना कडक सलाम ठोकला. महामार्गावर आम्हाला फिरता येत नाही, नेमून दिलेल्या जागी फक्त सरळ ओलांडता येतो. आजींनी तो रेघ मारावी तसा ओलांडला. मग रूळ आले. आजींनी मला थांबवलं, दोन्हीकडे पाहिलं.

"दार उघड," आजोबा म्हणाले.

"अरे, दार आहे कुठे?"

"एकतीस वर्षं उघडलंय. आज कसं सोडू?"

आजींनी हसत हवेतच हात फिरवला आणि माझं नसलेलं दार उघडलं. दोघांनी कान दिला. दूरवर फक्त चिमण्या होत्या.

"आता ने," आजोबा म्हणाले.

खिडकीत वेंडेलआजोबा होतेच. "अडीच महिने उशीर!" ते आतूनच ओरडले, आणि हातातले पत्ते जमिनीवर सांडले. आजोबा काठी विसरून आत धावले.

आता आम्ही रोज जातो आणि उजेड असतानाच परततो. मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या गाडीच्या चाकांत हवा भरा, बॅटरी भरा. आणि नियम कंटाळवाणे वाटले, तर एवढंच आठवा, की खिडकीत कोणीतरी पत्ते पिसून तुमची वाट बघतंय. त्यांच्यापर्यंत नीट पोहोचायचंय.