श बोलायचा राहिला

बाळांनो, जरा डोळे मिटा. कल्पना करा, तुमचं घर आज नाल्याच्या अलीकडं आहे आणि परवा ते पलीकडच्या शिवारात असणार आहे. भिंती नाहीत. वर ताडपत्री, चुलीला तीन दगड आणि उशाशी मेंढ्यांचा अख्खा कळप रवंथ करत बसलेला. सकाळी जाग आली की आधी आठवावं लागतं, आज आपण कुठल्या गावात आहोत. याच घरात बसून शाळेचा अभ्यास करायचाय, असंही धरा. धरलंत? मग आता डोळे उघडा आणि ऐका.

दीपिका चौथीत होती. तिचं गाव ताडकळसजवळचं. सोयाबीन निघून रानं मोकळी झाली, दिवाळी सरली, की तिचे वडील रामप्रसाद आणि माय मेंढ्या-शेळ्या घेऊन बाहेर पडत आणि थेट पावसाच्या तोंडावर, रोहिणीच्या सुमारास परतत. ज्याच्या रानात मेंढ्या बसवायच्या, त्याला लेंड्यांचं खत मिळायचं आणि यांना दाणागोटा. इतकी वर्षं दीपिका गावातच म्हाळसाबाई आजीजवळ राहून शाळेत जायची. आजी उन्हाळ्यात वारली. म्हणून यंदा दीपिकालाही कळपासोबत जायचं होतं. ते तिनं मुकाट्यानं मान्य केलं होतं. घोर होता तो एका अक्षराचा.

झालं असं, की राजेश्री मॅडमनी गणपती उठल्यावर वर्गात एक खेळ काढला. डब्यातून चिठ्ठी उचलायची, येईल ते अक्षर आपलं. रोज परिपाठाला एक अक्षर, क पासून ओळीनं. ज्याचं अक्षर त्यानं पुढं यायचं आणि ते बघून मनात काय येतं ते सांगायचं.

"नुसतं तक्त्यावरचं नाव सांगायचं नाही," मॅडमनी बजावलं. "ते तक्त्याला येतंच."

क भक्तीचा होता. तिनं कंटाळा घेतला. म्हणाली, "दुपारी मला लय कंटाळा आला, म्हणून मी मुंग्या बघत बसले. मुंग्या संपल्या तवा कळलं, कंटाळा त्यांच्या आधीच गेला होता." ख रेणुकाला आला. ती खिशाबद्दल बोलली. भावाच्या चड्डीला दोन खिसे आणि त्यात नुसत्या गोट्या. तिच्याजवळ ठेवायला पुष्कळ आहे आणि फ्रॉकला खिसाच नाही. पोरं हसली. मॅडम मात्र हसल्या नाहीत, त्यांनी ते फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवलं. सुगतला द आला. तो म्हणाला, "आमच्या घरी मम्मी दार लावती, आश्रुबा आजोबा उठून उघडतात. पुन्हा मम्मी लावती, पुन्हा आजोबा उघडतात. मला वाटतं, एकदा दाराला इचारलं पायजे." त्या दिवशी मॅडमना हसू आवरेना.

आणि दीपिकाच्या चिठ्ठीत निघाला श.

तक्त्यावर श जवळ दाढीवाली शेळी होती. चिठ्ठी उघडली त्याच दिवशी सुगत मागून म्हणाला, "तुला काय, सोपं हाय. घरूनच घेऊन ये." सगळा वर्ग एका सुरात बें बें करू लागला. दीपिकालाही थोडं हसू आलं. पण घरी जाताना तिनं ठरवलं, काही झालं तरी आपण शेळी म्हणायची नाही.

शेळी नाही, तर मग काय? शाळा, शेत, शेंग, शेपू. शब्दांना तोटा नव्हता. पण दुसऱ्यांनी शब्द उचलला की त्याच्या मागून काहीतरी यायचं, मुंग्या यायच्या, आजोबा यायचे. हिच्या शब्दांमागून काहीच येत नव्हतं.

दिवाळीनंतर शाळा उघडली. दोन दिवसांनी कळप निघणार होता आणि वर्ग अजून ध वरच होता. मॅडम म्हणाल्या, "दीपिका, तू आजच बोल. अक्षर मागंपुढं झालं तर काय बिघडलं?"

दीपिका पुढं गेली. मागच्या रांगेतून कुणीतरी अगदी हळू, लांबवून, "ब्यॅऽऽ" केलं. ती तक्त्याकडं बघत उभी राहिली.

"मॅडम, माझं अजून व्हायचंय," ती म्हणाली.

"बरं," मॅडम म्हणाल्या. "श आला की परिपाठाच्या वेळी तुझ्या बाबांच्या मोबाईलवर फोन करीन. स्पीकर लावू, सगळे ऐकतील. पण त्या दिवशी बोलावं लागेल हं. ज्याचं राहिलं त्याचं अक्षर दुसऱ्याला, हे ठरलंय आपलं."

"मॅडम, तिचं राहिलं तर मला द्या," सुगत लगेच म्हणाला. "माझ्याकडं तयार हाय."

"काय तयार आहे?"

सुगतनं फक्त हनुवटीखाली हात नेऊन नसलेली दाढी कुरवाळली. वर्गाला ते पुरेसं होतं.

कळप निघाला. रोज नवं रान, नवा बांध. दीपिका कोकरं सांभाळायची, पाणी आणायची, आणि चालता चालता तिच्या डोक्यात श, श चालायचा. कोकरांना हाकताना तोंडातूनही तोच आवाज निघायचा आणि तिला स्वतःचाच राग यायचा.

असं करत करत कळप वालूरच्या अलीकडं एका शिवारात आला. रान धुरपताबाई नावाच्या म्हातारीचं होतं. तिचा लेक गावात राहायचा, ती तुरीच्या राखणीला रानातल्या गुरांच्या कोठ्यातच मुक्कामाला असायची. संध्याकाळी मेंढ्यांभोवती वाघर, म्हणजे जाळं, लावून होतंय तोवर म्हातारी काठी टेकत आली.

"किती दिस हाव?" तिनं विचारलं.

"पाच-सा दिस," माय म्हणाली.

"मंजी तेवढे दिस मला शेजार झाला म्हणायचा. रातच्याला कुणी खोकलं तर ऐकू यील."

जरा वेळानं ती पुन्हा आली. हातात वाटीभर हरभऱ्याची भाजी. मायनं वाटी घेतली, भाजी काढून घेतली आणि त्याच वाटीत शेळीचं दूध घालून परत दिलं.

"एवढं कशाला ग?" म्हातारी म्हणाली.

"रिकामी वाटी कशी द्यावी, मावशी?"

दुसऱ्या दिवशी वाटी ठेचा घेऊन आली, मुरमुरे घेऊन गेली. तिसऱ्या दिवशी येसराची आमटी घेऊन आली. दीपिकाला गंमत वाटली.

"माय, हे असं कधी थांबायचं?"

"आपण निघालो की."

"आन तवा वाटी कुणाकडं ऱ्हायची?"

"जिच्याकडं असंल तिच्याकडं. गडबडीत कुणाच्या ध्यानात ऱ्हातंय?" माय हसली. "बघ की तो डबा."

भांड्यांचा पत्र्याचा डबा दीपिकानं यंदाच पहिल्यांदा रोज घासायला घेतला होता. त्या सकाळी राखेनं वाटी घासता घासता तिचं लक्ष काठाकडं गेलं. भांड्यांवर नाव टाकतात ना, तसं तिथं बारीक ठिपक्यांनी नाव टाकलेलं होतं. नाव मायचं नव्हतं. तिनं दुसरी वाटी उचलली. त्यावर दुसऱ्याच बाईचं नाव आणि खाली जिंतूर. एका ताटलीवर कुणाच्या तरी बारशाची तारीख. एका पेल्यावर नुसतीच दोन अक्षरं. तिनं सगळा डबा जमिनीवर मांडला. मायचं नाव असलेलं भांडं एकच निघालं, परात.

"माय, तुझ्या वाट्या कुठं हायत?"

"अशाच कुणाच्या तरी चुलीपाशी," माय कोकराला दूध पाजता पाजता म्हणाली.

दीपिका ती भांडी बघत बसली. मायला लिहिता-वाचता येत नव्हतं. पण कुठली वाटी कुठल्या गावची हे तिला पाठ होतं. ही जिनं दिली, तिच्या लेकीला मुलगी झाली होती. हिच्या नवऱ्याला दम्याचा तरास. ही फार भांडायची, पण निघताना रडली. दीपिका एकेक नाव वाचत होती आणि माय त्या नावामागचं माणूस सांगत होती. पाण्याची घागर भरायची राहूनच गेली.

त्याच संध्याकाळी रामप्रसाद बांधावरून ओरडले, "दीपे, तुझ्या मॅडमचा फोन आल्ता. उंद्या तुझा श हाय म्हणं."

रात्री दीपिका लवकर झोपली. आता तिला शब्द शोधायचा नव्हता.

सकाळी वडिलांचा मोबाईल दोन्ही हातांत धरून ती वाघरीपाशी उभी राहिली. फोन वाजला. पलीकडून पोरांचा कलकलाट आणि मॅडमचा आवाज आला, "बोल दीपिका, सगळे ऐकतायत." दीपिकानं डोळे मिटले आणि बोलायला सुरुवात केली. पुष्कळ बोलली. मग थांबून कान दिला. पलीकडं काहीच नव्हतं. फोन केव्हाच तुटला होता.

"इथं टावरच न्हाई धड," रामप्रसाद म्हणाले. "ऱ्हाऊ दे. दुपारच्याला सांग मॅडमला."

"दुपारी न्हाई चालत, बाबा. आत्ताच. न्हाईतर ते सुगत्याला जाईल."

"जाऊ दे की मग. अक्षरच हाय."

दीपिकाच्या डोळ्यांत पाणी आलं. एवढ्या बायांची नावं तिनं जुळवून ठेवली होती आणि तिकडं सुगत दाढी कुरवाळत उभा राहणार होता. कोठ्यापुढं शेकत बसलेली धुरपताबाई हे सगळं ऐकत होती.

"नाल्यापल्याड शाळा हाय बघ," ती म्हणाली. "तिथं लागतो फोन. गावातली पोरं तिथल्याच कट्ट्यावर मोबाईल घिऊन पडल्याली असत्यात."

"ती माझी शाळा न्हाई, आजी."

"मी कुठं म्हणले तुझी हाय? फोनापुरतं जा."

दीपिका आजवर परक्या गावच्या शाळेच्या फाटकाजवळही गेली नव्हती. तिच्या परकराला राख लागलेली होती, पायांत चपला नव्हत्या. ती नाला ओलांडून पळत सुटली. तिथंही परिपाठच चालला होता. पोरं रांगेत उभी होती. फाटकात धापा टाकणारी मुलगी बघून सगळ्या माना वळल्या. तिथले माणिकराव गुरुजी पुढं आले.

"कुणाची ग तू?"

"धुरपताआजीच्या शेजारची."

"तिच्या शेजारी तर नुसतं रान आहे."

"तिथंच ऱ्हातो आमी. आमच्या शाळेत आज श हाय, गुरुजी. मला बोलायचंय आन तिकडं फोन लागंना."

गुरुजींना त्यातलं किती कळलं, देव जाणे. पण त्यांनी बाजूला होऊन तिला व्हरांड्याची पायरी दाखवली. "इथं लागतो बघ."

फोन लागला. मॅडमचा आवाज आला, "दीपिका? अगं, आम्हाला वाटलं तू नाही बोलणार. सुगत उभा राहिलाय."

"त्याला बसवा, मॅडम."

तिकडं हशा पिकला. इकडची पोरंही रांग मोडून पुढं सरकली. काय चाललंय ते कुणालाच माहीत नव्हतं. दीपिकानं स्पीकर लावला, फोन पायरीवर ठेवला आणि हात मागं बांधून ती ताठ उभी राहिली.

"श शेजाराचा," ती मोठ्यानं म्हणाली. "आमच्या घरातल्या एका बी वाटीवर आमचं नाव न्हाई."

कुणीतरी खुदकन हसलं. ते तिकडं की इकडं, कळलं नाही. ती थांबली नाही. तिनं पहिल्या वाटीवरचं नाव सांगितलं, तिचं गाव सांगितलं, आणि मग ती बाई कशी होती ते सांगू लागली.